मुक्कामी गाडीच्या डिक्कीत आम्हालाही जागा द्या

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

दारव्हा-दिग्रस भागात आम्ही चौघे मित्र पार्सल पोचवण्याचा धंदा करतो. कागदावर स्टार्टअप, प्रत्यक्षात भाड्याचा गाळा, एक छोटा टेम्पो आणि मोटारसायकली. अनुदान मागायला हे पत्र नाही.

२०११ साली गुरुग्रामात सुरू झालेल्या डेल्हिवरी या पार्सल कंपनीने २०२५ मध्ये ईकॉम एक्स्प्रेस ही दुसरी पार्सल कंपनी सुमारे १,४०० कोटींना विकत घेतली. ॲमेझॉन, फ्लिपकार्टची स्वतःची यंत्रणा आहे, मीशोनेही पार्सलसाठी वाल्मो उभी केली. यांच्याशी दरात भिडणं आमच्या कुवतीबाहेरचं. एका फेरीत किती पार्सलं उतरली, यावरच आमचं जगणं-मरणं. नागपूरच्या धरमपेठेत जेवढी एका गल्लीत खपतात, तेवढ्यांसाठी आमचा पोरगा पाच-सहा गावं फिरतो. पैसे मात्र पार्सलमागे, किलोमीटरमागे नाहीत.

त्यात कॅश ऑन डिलिव्हरी. दारात गेलं की, "भाऊ, कापूस इकू दे, मंग आन." बाई खोटं बोलत नाही, बोंडं अजून वावरातच असतात. पण ॲप कापसाच्या चुकाऱ्यासाठी थांबत नाही. ठरलेल्या खेपा संपल्या की माल परत, पेट्रोल आमच्या खिशातून. रिटर्न वाढले म्हणून एका कंपनीने आमची काही गावं यादीतूनच उडवली.

साहेब, त्याच गावांना संध्याकाळी एसटीची मुक्कामी गाडी जाते आणि सकाळी कॉलेजची पोरं घेऊन परत येते. एसटीची पार्सल सेवा आहे, पण ती स्थानकांभोवतीच फिरते. आगार व्यवस्थापकांना स्थानिक करार करायची मुभा द्या. आम्ही सीलबंद पिशव्या डिक्कीत ठेवू, गावात किराणा दुकानदार किंवा बचत गटाची ताई त्या उतरवून घेईल. कंडक्टरवर जबाबदारी नको, त्यांच्या डोक्याला आधीच कमी ताप नाही. तालुक्यातून रोजची फेरी वाचली, तर चुकारा झाल्यावर आणखी एक खेप मारणं आम्हाला परवडेल. आणि सकाळच्या गाडीत गटाच्या बायांचे पापड, कुरडया, लोणची ग्राहकांकडे निघतील. वाढायचं तर ते तिथूनच. नुसत्या शहरातल्या साड्या खेड्यात वाटून आम्ही मोठे होणार नाही.

दारव्हा आगाराच्या एका मार्गावर तीन महिने करून बघा. पिशवीमागे भाडं तुम्ही ठरवा, अनामत आम्ही आगाऊ भरतो.

आपला,
एक पार्सलवाला
ता. दारव्हा, जि. यवतमाळ