बचतीचे खाते थोडे लांबच असावे

महोदय,

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पानावर बचतीसंबंधी जे लेख येतात, त्यांत खर्चाची वही ठेवा, अनावश्यक खरेदी टाळा आणि महिनाअखेर जे उरेल ते शिलकीत टाका, असा उपदेश बहुतेक वेळा असतो. त्यातल्या शेवटच्या सूचनेबद्दल हे पत्र लिहीत आहे. नोकरीची बहुतेक वर्षे मी बँकेच्या काउंटरवर काढली आणि त्या काळात असंख्य पासबुके भरून दिली, परंतु महिनाअखेर 'उरलेले' पैसे त्यांत क्वचितच पाहिले. पगार जमा झाल्याची नोंद व्हायची आणि ती रक्कम जिना उतरल्यासारखी खाली खाली येत पुढच्या पगाराच्या आदल्या दिवशी तळाला टेकायची. खातेदाराला बढती मिळाली तरी हा तळ वर सरकत नसे, जिन्याला वरच्या बाजूने चार पायऱ्या वाढत एवढेच. ज्यांच्याकडे खरोखर काही साठे, त्यांच्यापैकी बहुतेकांची रक्कम पगाराच्या खात्यात नसेच. ती दुसऱ्या, सहसा हात न लागणाऱ्या खात्यात असे.

अल्पबचतीसाठी स्वतंत्र खाते उघडावे, ही सूचना नवी नाही. मात्र ती करताना लोक व्याजदरांची तुलना करण्यात गुंततात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. छोट्या रकमेवर अर्धा टक्का व्याज जास्त मिळाले काय आणि कमी मिळाले काय, वर्षाअखेरीस फरक नगण्यच असतो. दुसऱ्या खात्याचा खरा उपयोग तो पैसा रोजच्या नजरेआड आणि हातापासून थोडा लांब राहतो, हा आहे. साठवलेल्या पैशाला आपण 'गाठीचा पैसा' म्हणतो ते मला फार नेमके वाटते, कारण गाठ सोडायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात माणसाचा विचार बदलू शकतो.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. बँकेत काम करणाऱ्याला तरी हे आधी सुचायला हवे होते, पण माझे पहिले 'दुसरे खाते' मी पगार जिथे जमा होई त्याच बँकेत उघडले. दोन्ही खाती मोबाइलच्या एकाच पडद्यावर एकाखाली एक दिसत आणि रक्कम इकडून तिकडे न्यायला काही सेकंद पुरत. पाच महिने मी महिन्याच्या सुरुवातीला पैसे टाकले आणि तिसऱ्या आठवड्यात परत काढले, दर वेळी 'पुढच्या महिन्यात भरून टाकू' असे स्वतःला बजावत. सहाव्या महिन्यात खाते वेगळ्या बँकेत उघडले, डेबिट कार्ड घेतले नाही, मोबाइलवर त्या बँकेचे ॲपही ठेवले नाही. पैसे काढायचे तर शाखेत जाऊन चिठ्ठी भरावी लागे. त्या वर्षी मी दोनदाच पैसे काढले आणि दोन्ही वेळा कारण दवाखान्याचे होते.

हा केवळ माझ्या आळसाचा प्रताप नसावा. पैशाला रंग नसतो, कोणत्याही खात्यातला पैसा सारखाच, असे अर्थशास्त्राचे जुने गृहीतक होते. माणूस मात्र मनात वेगवेगळे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्या कामाला लावताना अडखळतो, हे रिचर्ड थेलर यांनी १९८५ सालापासून सातत्याने मांडले आणि २०१७ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. दिलीप सोमण आणि अमर चीमा या संशोधकांनी बांधकामावरील मजुरांबरोबर केलेला आणि २०११ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला याहून बोलका वाटतो. मजुरांच्या मजुरीतला ठरावीक हिस्सा बचत म्हणून बंद पाकिटात घालून दिला गेला, काहींना एका पाकिटात, काहींना दोन पाकिटांत विभागून. दोन पाकिटे मिळालेल्यांनी जास्त बचत केली. एक पाकीट फोडले तरी दुसरे बंदच राहते आणि ते फोडताना मनाला पुन्हा एकदा टोचणी लागते. दुसरे खाते म्हणजे असे दुसरे पाकीटच होय.

फिलिपिन्समधील एका ग्रामीण बँकेने याच्याही पुढचे पाऊल टाकून पाहिले होते. ठरवलेली तारीख किंवा ठरवलेली रक्कम गाठेपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, असे खाते तिने काही निवडक ग्राहकांना देऊ केले. तारीख वा रक्कम ग्राहकानेच ठरवायची होती आणि व्याज नेहमीच्या खात्याएवढेच होते. म्हणजे जास्तीचे काही न मिळता केवळ स्वतःचे हात बांधून घ्यायचे, तरीही २८ टक्के ग्राहकांनी ते पत्करले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांना हे खाते देऊ केले होते त्या गटाच्या सरासरी शिलकीतील वाढ वर्षभरानंतर इतरांपेक्षा ८१ टक्के अंकांनी (म्हणजे दोन्ही गटांच्या वाढीच्या टक्क्यांतील फरक ८१) जास्त निघाली, आणि खाते नाकारणारेही त्या गटात मोजलेले होते.

तेव्हा खाते कसे असावे, याविषयी माझे मत साधे आहे. पगार जमा होण्याच्या दिवशी किंवा दुसऱ्याच दिवशी ठरावीक रक्कम आपोआप वर्ग होईल अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवावी, म्हणजे दर महिन्याला नव्याने निश्चय करावा लागत नाही. रक्कम इतकी लहान ठेवावी की तिची उणीव जाणवू नये. मोठ्या उत्साहाने मोठी रक्कम ठरवणारे दोन महिन्यांत ती सूचना रद्द करायला आलेले मी काउंटरवरून पाहिले आहेत, आणि एकदा रद्द केली की पुन्हा कोणी येत नाही. खात्यावर वारसाची नोंद पहिल्याच दिवशी करावी आणि घरातल्या एका तरी विश्वासू माणसाला खात्याची कल्पना द्यावी, कारण नजरेआड ठेवलेले खाते मालकाच्या पश्चात कायमचेच नजरेआड जाण्याची भीती असते. फार काळ व्यवहार न झालेले खाते बँका निष्क्रिय ठरवतात, ते सुरू करून घेण्याचा व्याप टाळण्यासाठी वर्षातून एकदा पासबुक भरून घेताना थोडा व्यवहार स्वतः करावा. डोक्यावर चढ्या व्याजाचे कर्ज, विशेषतः क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर मात्र हा क्रम बदलतो. अडीअडचणीपुरती किरकोळ रक्कम बाजूला ठेवून उरलेला पैसा आधी कर्जात भरणेच शहाणपणाचे आहे.

एक तक्रार मात्र मांडलीच पाहिजे. माझ्या परिचयातील एका तरुणीने असेच दुसरे खाते उघडले आणि वर्षभराने पासबुक पाहिले, तर किमान शिल्लक न राखल्याचे शुल्क, संदेशसेवेचे शुल्क आणि न मागितलेल्या कार्डाचे शुल्क मिळून तिची निम्म्याहून अधिक बचत कापली गेली होती. अर्जावर बारीक अक्षरांत सारे छापलेले होते, हे खरे. पण कमी पैसे असणाऱ्याकडून पैसे कमी असल्याबद्दलच दंड घेणे मला बँकेत असतानाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. १८१० साली स्कॉटलंडमधील रुथवेल या खेड्यात हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने बचत बँक काढली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. तिथल्या नेहमीच्या बँका दहा पौंडांखालची ठेव घेत नसत, डंकन यांनी सहा पेन्सपासून घ्यायला सुरुवात केली. दोनशे वर्षांनंतर लहान ठेवीदाराला दारात अडवत नाहीत, आत घेऊन शुल्क लावतात, एवढाच फरक पडलेला दिसतो.

म्हणून आपणास विनंती अशी, की अर्थविषयक पानावर व्याजदरांचा तक्ता जसा देता, तसाच बचत खात्यांवरील किमान शिलकीची अट आणि लागणारी सर्व शुल्के यांचा तक्ताही निदान तिमाहीतून एकदा छापावा. छोट्या रकमेसाठी खाते निवडणाऱ्याला व्याजदरापेक्षा तोच जास्त उपयोगी पडेल.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी