पक्षी बघायला गेले होते म्हणून फोन लागला नाही

प्रिय आई, बाबा,
आजीला साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा म्हणाले तू नुसती हो-हो करून ठेवतेस, जरा नीट लिहून पाठव, म्हणून लिहितेय. दादाला सांगा मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, आजीला स्वतः वाचायचं असतं. मी ठणठणीत आहे. जेवते वेळेवर. ऑफिस, रूम, आमटी-भात सगळं तेच, ते परत काय लिहू.

आधी रविवारचा विषय. सुमीच्या साखरपुड्याचा कॉल मला लागला नाही हे खरंय, पण त्याचा अर्थ मी मुद्दाम उचलला नाही असा काकूने काढू नये. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेचार म्हणजे इथे कॅनडात सकाळचे सात, आणि मी पॉइंट पेलीला होते, तिथे टोकाला रेंज धड नसते, लागलीच तर कधी कधी तळ्यापलीकडच्या अमेरिकेची लागते. आणि एकटी नव्हते गेले, ऑफिसमधल्या दोघीजणी होत्या, गाडी त्यांचीच, विंडसरहून तासाभराचा रस्ता. जंगल म्हणजे नॅशनल पार्क आहे, आत बस फिरते, संडास स्वच्छ. गोचीड असतात, ते आईने गुगल करून झालंच असेल, म्हणून तर आम्ही पॅन्ट मोज्यात खोचून फिरतो आणि घरी आल्यावर अंग तपासतो. फोटोत माझ्या बाजूला जो माणूस आहे तो रिटायर्ड मास्तर आहे, त्याची बायकोही तिथेच उभी होती, फोटोत ती कापली गेली. बस.

आता ही जागा काय आहे ते सांगते, बाबांना आवडेल. कॅनडाच्या मुख्य भूमीचं सगळ्यात दक्षिणेकडचं टोक आहे हे, ईरी नावाच्या तळ्यात सुळक्यासारखं घुसलेलं. तळं म्हणायचं फक्त, पलीकडचा काठ दिसत नाही. मे महिन्यात दक्षिणेकडून, काही तर पार दक्षिण अमेरिकेतून, पक्षी उत्तरेला पिल्लं काढायला येतात, ते रात्री उडतात आणि तळं ओलांडताना उजाडलं की पहिली जमीन दिसते ती ही. रात्री दक्षिणेचा वारा असला आणि पहाटे पाऊस किंवा उलटा वारा आडवा आला की दमून जिथे जागा मिळेल तिथे उतरतात, अगदी पायाजवळच्या झुडपात सुद्धा. वटवट्याएवढे पक्षी, पण रंग बघाल तर! एकाचा गळा पेटलेल्या निखाऱ्यासारखा.

आणि इथली माणसं. हे मला अजून कळलेलं नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. पहाटे अंधारात गाड्या लावून, हातमोजे-टोप्या घालून शे-दीडशे माणसं पहिल्या बससाठी रांगेत उभी राहतात, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची, मग टोकाला उतरायचं आणि एका झुडपाकडे तोंड करून उभं राहायचं. बोलायचं नाही. कोण कोणाला नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, लग्न झालं का तर अजिबात नाही, फक्त काय दिसलं विचारतात. अर्धा अर्धा तास पान हलत नाही तरी कोणी कंटाळत नाही, आणि एखादा सामान्य पक्षी आला तरी आनंद होतो. मधेच कोणाच्या तरी मोबाइलवर येतं की अमुक वाटेवर तमुक दिसला, की सगळे तिकडे भराभरा चालायला लागतात, पळत मात्र नाहीत, पळणं वाईट दिसतं बहुतेक. तिथे गेल्यावर जो पुढे उभा असतो तो दोन मिनिटं बघतो आणि आपणहून मागे सरकतो. एस्टीच्या दारात वाढलेल्या माणसाला हे बघून चक्कर येते. आपण वेळासला कासवाची पिल्लं बघायला येणाऱ्या पुण्या-मुंबईवाल्यांना हसायचो ना, की बोटभर कासवासाठी रात्रीचा प्रवास कसला करतात, तसंच आहे हे, फक्त आता हसायला मी पलीकडे नाहीये.

रविवारी जो दिसला तो कर्टलंड्स वॉर्बलर. पेलीला मे महिन्यात एखाद-दुसरा दिसला तर दिसतो. पोट पिवळं, पाठ निळसर राखी, शेपूट सारखं खालीवर, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास. हा थंडीत बहामा बेटांवर राहतो आणि घरटं मुख्यतः अमेरिकेतल्या मिशिगनमधे, ते पण जॅक पाइनच्या कोवळ्या झाडांखाली जमिनीवर. झाड म्हातारं झालं की ह्याला चालत नाही. आणि त्या पाइनची बोंडं वणव्याच्या उष्णतेने उघडतात, तर लोकांनी वणवे विझवत ठेवले आणि नवी झाडं येईनाशी झाली, वर दुसरा एक पक्षी कोकिळेसारखा ह्याच्या घरट्यात अंडी घालतो. १९८७ मधे गाणारे नर मोजले तर फक्त १६७ भरले. मग झाडं मुद्दाम तोडून नवी लावली, त्या दुसऱ्या पक्ष्याला आवरलं, आणि २०१९ मधे अमेरिकेने त्याला धोक्याच्या यादीतून काढलं. एवढी माहिती मला मास्तरांनी दिली, दुर्बीण पण त्यांचीच. माझी सेकंडहँड आहे, स्वस्तातली, खर्च खर्च करू नका.

एक गंमत आजीला सांगा. काही पक्षी एवढं तळं ओलांडून येतात आणि सकाळी त्याच टोकावरून परत उलटे दक्षिणेला उडतात. आजी म्हणेल घरी काहीतरी विसरले असतील. मी पण तेच म्हटलं, तर त्या दोघी हसल्या, मला तेवढं हसू आलं नाही.

बाबा, तुम्ही विचारत होतात खाडीवरचे कुरव उन्हाळ्यात जातात कुठे. त्यातले तपकिरी डोक्याचे लडाख, तिबेटकडच्या उंच तळ्यांवर पिल्लं काढतात. म्हंजे आपल्याकडे येतात ते थंडी काढायला, आपण उगाच त्यांना आपले म्हणतो. पाऊस जवळ आला की परसात नवरंग ओरडायला लागेल, पहिल्यांदा ऐकाल त्या दिवशीची तारीख मला कळवा, मी इथे वहीत लिहिते.

आता पैशाचं. पन्नास हजार टाकलेत दादाच्या खात्यावर. त्यातून आधी गुरख्याचा पगार द्या, तो वर्षभर कलमं राखतो, त्याला पावसानंतर म्हणून सांगू नका. उरलेले कौलं आणि पत्र्याला. थ्रिप्सच्या किडीने मोहोर खाल्ला हे दादाने सांगितलं, कॅनिंगच्या आंब्याला काय भाव लागला ते तो सांगत नाही, म्हणजे मी समजून घेतलं. कर्जाचा हप्ता मी भरते, त्याची काळजी तुमच्याकडे नको.

पुण्याच्या स्थळाबद्दल आई तीनदा लिहून झालं तुझं. मुलगा वाईट आहे असं म्हणालेले नाही मी. त्यांना नाही म्हणू नका, पण हो पण म्हणू नका, वर्क परमिटचे कागद होईपर्यंत मला इकडून हलता येत नाही. आणि त्याच कारणाने, हे आधीच सांगते म्हणजे ऐनवेळी नको, गणपतीला जमणार नाही. मोदकांना माणसं कमी पडणार नाहीत, सुमी आहे, वहिनी आहे. आरतीच्या वेळी फोन आधीच लावून ठेवा, त्या दिवशी मी कुठेही जाणार नाही, घरीच असेन, प्रॉमिस. सुमीला पण वेगळा मेसेज केलाय, तिचा रिप्लाय नाही आला अजून, विचारू नका तिला.

काकांकडचं कोण इकडे येतंय म्हणे जूनमधे. त्यांच्याबरोबर आगळ देऊ नका, बॅगेत गळतं, आमसुलं द्या, आणि कुळथाचं पीठ थोडंसंच. पैसे जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आला की दादाला म्हणावं लगेच कळव.

तुमची
मनी