पाहुण्यांच्या खोलीत शेगडी नको

महोदय,

निफाडचा पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पहिल्या पानावर येतो. त्याच शनिवार-रविवारी नाशिक-पुण्याची मंडळी मामाच्या, आत्याच्या गावी शेकोटीला निघतात. जरूर जावं. फक्त रात्री पाहुण्यांच्या खोलीत निखाऱ्यांचं घमेलं ठेवायची रीत आता बंद व्हायला हवी.

पूर्वी ते निभावून जायचं, कारण घरात वारा खेळता होता. कौलांच्या फटी, आढ्याखालचा झरोका, फळ्यांच्या दारातून आत येणारा उजेड. आता त्याच घरावर स्लॅब पडला, खाली पीओपीचं छत आलं, सरकत्या खिडक्यांना रबरी पट्ट्या लागल्या. घमेलं मात्र तेच आणि कोळसाही तेवढाच.

‘धूर गेला, आता नुसते निखारे आहेत, आत घ्या’ असं सर्रास म्हटलं जातं. घात इथेच होतो. धूर डोळ्यांना झोंबून माणसाला जागं तरी करतो. लालबुंद निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. सकाळपर्यंत टिकावेत म्हणून निखाऱ्यांवर राख ओढली तर आणखी वाईट. हवा कमी मिळून जळण अर्धवट होतं आणि हा वायू रात्रभर निघत राहतो. शेजारी पाण्याची बादली ठेवून उपयोग नाही, कारण तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. खाटेवर झोपा की खाली, सारखंच. तो खोलीभर पसरतो. खिडकी चार बोटं उघडी ठेवली तरी वारा पडला की भरवसा नाही.

शेकायचं ते अंगणात. उठताना निखारे तिथेच विझवावेत: बेताबेताने पाणी शिंपडत, काठीने उलथत, वाफ थांबेपर्यंत. वर्षभर औषध फवारलेल्या द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या शेकोटीत घालू नयेत. बाभळीचं वाळलेलं लाकूड बरं.

मग खोलीत ऊब कशी आणायची? खोलीपेक्षा अंथरूण गरम करावं. फरशीची थंडी खालून चढते, म्हणून अंगावर तिसरी गोधडी टाकण्याआधी गादीखाली घोंगडी घालावी. रबरी पिशवीत उकळतं नव्हे, कढत पाणी दोन तृतीयांश भरावं, हवा दाबून काढून बूच लावावं, टॉवेलात गुंडाळून झोपण्याआधी १५ मिनिटं पांघरुणात ठेवावी. विजेचा हीटर असेल तर २००० वॅटचा सुमारे ९ अँपिअर ओढतो, तेव्हा तो दिव्याच्या बोर्डावर किंवा एक्स्टेन्शनवर लावू नये.

न्हाणीतला गॅस गिझर हा दुसरा धोका. एरवी दोन आंघोळी होतात, पाहुणे आले की सहा-सात लागोपाठ, आणि गारठ्यामुळे झरोकाही कापड कोंबून बुजवलेला. गिझर न्हाणीबाहेरच असावा. तोवर निदान दार उघडं ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, मग आत जावं. कृषी पर्यटन केंद्रांची नोंदणी करताना खोल्यांइतकीच ही गोष्टही तपासली जावी, आणि आपणही तापमानाच्या आकड्याखाली दोन ओळींचा इशारा छापावा.

सकाळी डोकं जड, मळमळ, पाय लटपटणं याचं खापर रात्रीच्या मटणावर किंवा पित्तावर फुटतं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम असं झालं, तर आधी दारं-खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर आणावं आणि १०८ ला फोन करावा. कोविडात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं तरी निर्धास्त राहू नये. साध्या यंत्राला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही. दवाखान्यात ‘खोलीत शेगडी होती’ किंवा ‘गिझर चालू होता’ हे पहिल्या वाक्यातच सांगावं, म्हणजे ऑक्सिजन लगेच सुरू होतो.

– एक वाचक, नाशिक जिल्हा