शब्दसंग्रहाची पुस्तके ‘सी’पाशीच का थांबतात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पीयूसीचे (म्हणजे बारावीचे) आणि डिग्रीचे निकाल लागले, की आपल्या अंकात परदेशी शिक्षणाच्या क्लासच्या जाहिराती सुरू होतात. वर विमान, विमानापुढे टाय लावलेला मुलगा, आणि खाली महिन्याभरात हजारो इंग्रजी शब्द पाठ करून घेण्याची हमी. जाहिरात छापणे हा आपला व्यवसाय आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते त्या हजारो शब्दांबद्दल. तसा थोडा अधिकारही मला आहे, कारण हे शब्द शेवटी माझ्याकडेच येतात. मी बेळगावच्या शहापुरात जुनी पुस्तके घेतो आणि विकतो.

या धंद्यात पुस्तक उघडायच्या आधी त्याची कड बघायची सवय लागते. शब्दसंग्रहाच्या जाडजूड पुस्तकाची कड बोटांनी मळलेली असते, पण कुठवर? पहिल्या बोटभर जाडीपर्यंत. पुढची पाने कोरी करकरीत. आत पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेले सापडतात: ‘ए’ला प्रत्येक शब्दापुढे, ‘बी’ला एकाआड एक, आणि ‘सी’त कुठेतरी अभ्यासच थांबलेला. पोरगा खानापूरचा असो, निपाणीचा असो की येळ्ळूरचा, त्याला ‘अ‍ॅबरेशन’ आणि ‘अ‍ॅब्स्टिमियस’ माहीत असतात; पण ‘व्हेरी’ हे क्रियापद, म्हणजे कमीजास्त होणे, हे समोर आले की तो त्याला ‘खूप’ समजतो. बिचारे ‘व्ही’त पडते ना!

पोरे आळशी आहेत, असे कोणी म्हणाले तर मला पटणार नाही. याच पोरांनी दहावीला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांचे पेपर दिलेले असतात. त्यांच्या हातात दिलेली यादीच चुकीची आहे.

ही यादी आली कुठून तेही सांगतो. अमेरिकेतल्या उच्च शिक्षणासाठी जीआरई नावाची परीक्षा असते. तिच्यात पूर्वी विरुद्धार्थी शब्द ओळखा, शब्दांच्या जोड्यांचे नाते ओळखा, असे सुटे प्रश्न येत. त्यासाठी कोणी सहसा वापरत नाही असे शब्द घोकणे भाग होते. 2011 साली परीक्षेचा नमुना बदलला आणि हे दोन्ही प्रकार गेले. याद्या मात्र गेल्या नाहीत. माझ्या मांडणीवर आज अशी पुस्तके आहेत ज्यांच्या मुखपृष्ठावर आयईएलटीएस (परदेशी शिक्षणासाठी, नोकरीसाठी इंग्रजी तपासणारी परीक्षा) लिहिले आहे आणि आत तीच जुनी घोकंपट्टी आहे. मुखपृष्ठ बदलायला खर्च कमी येतो, हे मी छापखान्यांच्या संगतीत राहून शिकलो आहे.

आयईएलटीएसमध्ये तर अमक्या शब्दाचा अर्थ सांगा असा वेगळा विभागच नाही. वाचनाला एक तास, तीन उतारे, चाळीस प्रश्न. उताऱ्यात एक शब्दयोजना असते आणि प्रश्नात तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत विचारलेली असते. ती ओळखता आली तर उत्तर सापडते. अगदी तांत्रिक शब्द असेल तर त्याचा अर्थ गरज पडल्यास तळाशी दिलेला असतो. लेखनालाही एक तास. पहिल्या भागात आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया बघून निदान दीडशे शब्द, दुसऱ्या भागात एखाद्या प्रश्नावर आपले मत, निदान अडीचशे शब्द. लेखनाचे गुण चार निकषांवर देतात आणि शब्दसंपत्ती हा त्यांपैकी एक. म्हणजे चार आण्यांचा मामला. क्लासवाले सोळा आणे तिथेच खर्चायला लावतात.

त्या चार आण्यांतही गफलत होते. नेहमीपेक्षा थोडे वेगळे शब्द वापरले तर वरचा बँड, म्हणजे वरची गुणश्रेणी, मिळतो, हे खरे आहे. पण ते शब्द नेमके आणि योग्य शब्दांच्या सोबतीत वापरले पाहिजेत, अशी त्यात अट आहे. अट गाळून पहिला अर्धा भाग मुलांना सांगितला जातो.

माझी पुतणी नर्स आहे. बेळगावातच शिकली, इथेच एका दवाखान्यात नोकरी केली, आणि तिला ब्रिटनला जायचे होते. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत 7, आणि लेखनात 6.5 बँड लागतो. (नर्सना ओईटी नावाची दुसरी, वैद्यकीय व्यवसायाशी जोडलेली परीक्षाही चालते. हेही तिला क्लासमध्ये कोणी सांगितले नव्हते.) ती माझ्या दुकानात मागच्या बाकावर बसून सरावाचे निबंध लिहायची. एकदा सहज वाचायला घेतला, तर पहिल्याच ओळीत दवाखान्यात ‘प्लेथोरा ऑफ पेशंट्स’, दुसऱ्या ओळीत ‘मिरियड’ (म्हणजे असंख्य) डॉक्टर, आणि शेवट ‘इन अ नटशेल’ (थोडक्यात). क्लासमधून त्या ‘प्लेथोरा’खाली लाल शाईने शाबासकीची खूण आली होती. मी म्हटले, “बाय, प्लेथोरा म्हणजे नको इतके जास्त. पेशंट आले म्हणून तू कुरकुर करतेस असे वाटेल की!” ती म्हणाली, “काका, सगळेच लिहितात.” मला तर हेच त्यातले सगळ्यात मोठे दुखणे वाटले. परीक्षकाने दिवसभरात किती प्लेथोरा वाचायचे?

मग आम्ही दुसरी यादी शोधली. ती फुकट मिळते, म्हणून तिची जाहिरात कोणी करत नाही. न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या बाईंनी ती केली आणि 2000 साली प्रसिद्ध केली. त्यांनी कला, वाणिज्य, कायदा आणि विज्ञान या चार शाखांचे सुमारे 35 लाख शब्दांचे लेखन घेतले, त्यातून रोजच्या वापरातले दोन हजार शब्द बाजूला काढले, आणि उरलेल्यांतून चारही शाखांत सारखे भेटणारे शब्द निवडले. 570 शब्दकुळे निघाली. एका कुळात मूळ शब्द आणि त्याची भावंडे: ‘अ‍ॅनलाइज’, ‘अ‍ॅनालिसिस’, ‘अ‍ॅनालिटिकल’ हे एक कूळ. रोजचे दोन हजार शब्द अभ्यासाच्या लेखनाचा तीन-चतुर्थांश भाग व्यापतात, आणि ही 570 कुळे आणखी साधारण दहा टक्के.

या यादीचे मला आवडलेले वैशिष्ट्य दुकानदाराच्या नजरेने सांगतो. ती ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत लावलेली नाही. तिचे दहा भाग आहेत आणि सगळ्यात जास्त वेळा भेटणारे शब्द पहिल्या भागात आहेत: ‘असेस’, ‘डेटा’, ‘फॅक्टर’, ‘इन्कम’, ‘पॉलिसी’, ‘सिग्निफिकंट’, ‘सोर्स’, आणि हो, आपले ‘व्हेरी’सुद्धा. दोन भाग करून पोरगे कंटाळले आणि सोडून दिले, तरी सगळ्यात कामाचे शब्द त्याच्या पदरात पडलेले असतात.

पण ही यादीसुद्धा घोकून भागत नाही. इंग्रजीत जोराचा पाऊस ‘हेवी’ असतो, ‘स्ट्राँग’ नसतो. संशोधन ‘कंडक्ट’ करतात. हे व्याकरणातून कळत नाही, सोबतीने कळते. आपल्याकडेही शपथ घेतात, आरोप करतात आणि दावा दाखल करतात. यातले शेवटचे सीमाभागातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तेव्हापासून आम्ही ते इतक्या वेळा ऐकले आहे, की झोपेतही चुकणार नाही. इंग्रजी शब्दांच्या जोड्याही अशाच कानावर पडून पक्क्या व्हायला हव्यात. शब्द शिकायचा तो आख्ख्या वाक्यात, आणि ते वाक्य आपल्या ओळखीच्या गोष्टीवर असले तर लवकर बसते.

पुतणीला मी आलेख दिला तो कणकुंबीच्या आणि अथणीच्या पावसाचा. एकाच जिल्ह्यातली दोन गावे. एक मलप्रभेच्या उगमाचे, जिथे पावसाळाभर छत्री वाळत नाही, आणि दुसरे पूर्वेचे, जिथे ढग नुसते बघून जातात. ‘रीजन’, ‘पीरियड’, ‘मॅक्झिमम’, ‘कॉन्ट्रास्ट’, ‘अ‍ॅप्रॉक्झिमेटली’, ‘व्हेरीज सिग्निफिकंटली’, सगळे शब्द त्या दोन गावांत येऊन गेले. प्रक्रियेच्या वर्णनासाठी गुऱ्हाळ घेतले. ऊस घाण्यात पिळला जातो, रस काहिलीत आटवला जातो, मळी काढली जाते, गरम गूळ थंड करायला ओतला जातो, ढेपा बांधल्या जातात. ‘एक्स्ट्रॅक्ट’, ‘रिमूव्ह’, ‘ट्रान्स्फर’ आले आणि इंग्रजीतला कर्मणी प्रयोगही आपोआप आला. परीक्षेत गुऱ्हाळ येणार नाही हे मलाही कळते. सिमेंटचा कारखाना येईल, नाहीतर पाणी शुद्ध करण्याची आकृती. क्रियापदे तीच लागतात.

लक्षात ठेवण्याचे तंत्रही जुनेच आहे. एबिंगहॉस या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि 1885 साली मांडला. नवे पाठांतर सुरुवातीलाच झपाट्याने उडते. अंतर वाढवत वाढवत उजळणी केली तर टिकते. आमच्याकडे जुन्या पुस्तकांबरोबर लग्नपत्रिकांचे गठ्ठे येतात. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर पुतणी वाक्य लिहायची, शब्दाची जागा रिकामी ठेवायची, आणि कुंद्याच्या रिकाम्या खोक्यात कप्पे करून ठेवायची. आठवला तो पुढच्या कप्प्यात, अडला तो परत पहिल्यात. मोबाइलवरही हे होते म्हणतात. मात्र हाताने लिहिल्याने तिचे स्पेलिंग सुधारले, आणि श्रवणाच्या पेपरात स्पेलिंग चुकले की उत्तरच चूक धरतात, हे विसरू नये.

आता थोडे आपल्या कामाचे. मत मांडायच्या निबंधात पुतणी अडायची ती शब्दांवर कमी आणि मुद्द्यांवर जास्त. सार्वजनिक वाहतुकीवर सरकारने खर्च वाढवावा का, वस्तुसंग्रहालये फुकट असावीत का, असे विषय. तिला मी म्हटले, आधी मराठीत सांग. तिथेही तीन वाक्यांनंतर गाडी थांबली. त्या दिवसापासून तिला रोजचा अग्रलेख वाचायला लावला आणि वाचकांची पत्रेही. बाजू कुठली, कारण काय, उलट बाजूवाला काय म्हणेल, एवढेच शोधायचे. आपल्या या सदरातली चांगली पत्रे अडीचशे शब्दांच्या आसपासच असतात आणि नेमके तेच काम करतात जे परीक्षेला हवे असते. (प्रस्तुत पत्र त्याला अपवाद आहे, काटछाट करावी.) इंग्रजी सुधारायचे म्हणून घरातले मराठी वर्तमानपत्र बंद करणारे पालक मला भेटतात. मुलाच्या डोक्यात मुद्दाच नसेल तर तो ‘मिरियड’ कशापुढे लावणार?

पुतणीला हवे तेवढे बँड मिळाले. ती गेली. तिचे कौतुक छापून आणायचा हेतू नाही. पंधरा हजारांच्या वर परीक्षेची फी, क्लासची वेगळी, आणि निकाल दोनच वर्षे ग्राह्य, अशा व्यवहारात सामान्य घरातले पैसे कुठे वाया जातात ते दिसले, म्हणून लिहितो आहे.

माझी आपल्याला एक सूचना आहे. आठवड्यातून एकदा, शिक्षणाच्या पानावर एक चौकट द्यावी. त्या यादीतले दहा शब्द, प्रत्येकाचे एक वाक्य, आणि वाक्य इथल्या बातमीवरचे: राकसकोप जलाशयाची पातळी, निपाणीच्या तंबाखूचा भाव, उद्यमबागेतले फाउंड्री कामगार, हिडकलच्या धरणाचा विसर्ग. आठवड्याला दहा म्हणजे 570 कुळांना 57 आठवडे, वर्षाहून थोडे अधिक. ज्याला परीक्षा द्यायची नाही, तोही बँकेतले किंवा कोर्टातले इंग्रजी कागद वाचताना उपयोग करील.

दुसरी विनंती गावोगावच्या वाचनालयांना. कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे साहित्य संमेलने भरवणारी हौशी माणसे आहेत. त्यांनी कपाटात एक तरी इंग्रजी-इंग्रजी कोश ठेवावा, शिकणाऱ्यांसाठीचा, ज्यात अर्थ सोप्या शब्दांत आणि प्रत्येक शब्दाला वापराची वाक्ये असतात. नवीच आवृत्ती लागते असे नाही. ‘सिग्निफिकंट’ दहा वर्षांपूर्वी जसा वापरत तसाच आजही वापरतात. परीक्षेची सराव पुस्तके मात्र जुनी घेऊ नयेत, नमुने बदलत राहतात. हे मी माझ्या गल्ल्याच्या विरोधात सांगतो आहे.

असे काही जुने कोश सध्या माझ्याकडे पडून आहेत. ज्या वाचनालयाला हवे असतील त्याने शहापुरात येऊन फुकट घेऊन जावेत. सोबत पिशवी मजबूत आणावी, आणि वाचनालयाचा शिक्का असलेले पत्रही. नाहीतर तेच कोश पुढच्या महिन्यात कोणीतरी मलाच विकायला आणेल.

आपला,
एक जुना पुस्तकविक्रेता,
शहापूर, बेळगाव