मुदत टळल्याची बातमी कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता पाच वर्षांत अमक्या-तमक्या नोकऱ्या गिळणार’ ही बातमी आपल्या अंकात आठ-पंधरा दिवसांनी असतेच. मी तीस वर्षे सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढले, तेव्हा माझ्या कामापुरते लिहितो.

२०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतले नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते, रेडिओलॉजिस्ट (एक्स-रे वाचून निदान करणारे डॉक्टर) घडवणे आताच थांबवा. पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होईल. माणूस ऐरागैरा नव्हे, २०२४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. पाच वर्षे २०२१ मध्येच सरली. रेडिओलॉजीच्या एमडीच्या जागेसाठी आजही नीट-पीजीतल्या वरच्या क्रमांकाच्या मुलामुलींची झुंबड आहे. आपण जरा सरसकट बोललो, हे पुढे हिंटन यांनीही मान्य केले. ते मात्र कुठे ठळक चौकटीत आलेले आठवत नाही.

एक्स-रे वाचणारे सॉफ्टवेअर टाकाऊ आहे असे मी म्हणत नाही. क्षयरोगाच्या तपासणीत पंधरा वर्षांवरील लोकांचे छातीचे एक्स-रे त्याने वाचायला जागतिक आरोग्य संघटनेचीच २०२१ पासून शिफारस आहे. जिथे फिल्म वाचायला डॉक्टरच नाही, तिथे ते हवेच. पण आधी फिल्म तर नीट निघायला हवी! खांद्यावरून पुढे आलेली जाड वेणी फुफ्फुसाच्या वरच्या भागात डागासारखी उमटते, नेमकी क्षयाच्या जागी. ‘मावशी, वेणी वर बांधा’ हे मी दिवसातून किती वेळा म्हणत असेन! एकदा राहून गेले. दुसरी फिल्म निघेपर्यंत तीन दिवस त्या बाईंच्या घरात चूल धड पेटली नाही.

हा उत्साह नवा नाही. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘परसेप्ट्रॉन’ या स्वतः शिकणाऱ्या यंत्राबद्दल ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापले होते, की हे यंत्र पुढे चालेल, बोलेल, लिहील, स्वतःसारखे दुसरे घडवील आणि त्याला आपल्या अस्तित्वाचे भानही असेल. प्रात्यक्षिकात काय दाखवले? कार्डावरची खूण डावीकडे की उजवीकडे, एवढे ते पन्नास प्रयत्नांनी ओळखायला शिकले.

एक विनंती. अशा भाकिताखाली मुदतीचे साल छापा, आणि ते साल उजाडले की त्याच पानावर, तेवढ्याच टायपात, काय झाले तेही छापा.

आपला,
एक निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, सांगली