ग्राइंडरच्या पाच सुती, उलट्या आट्यांच्या नटाबद्दल आभार

आदरणीय मेस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

माझ्या जुन्या बेंच ग्राइंडरच्या, म्हणजे मोटरच्या दोन्ही टोकांना धार लावायची चाके असलेल्या यंत्राच्या, डाव्या बाजूचा उलट्या आट्यांचा (घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवून आवळायचा) नट आपण घडवून दिलात, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. आपले नाव आणि शेडचा ठावठिकाणा कुठेही देऊ नये, असे आपण बजावले असल्यामुळे तेवढे वगळतो. काम मात्र तपशिलाने लिहितो, कारण असे ग्राइंडर गोव्यातल्या कितीतरी सुतारशाळांत आणि गॅरेजांत एका नटावाचून धूळ खात पडलेले असतील, आणि दुकानदारांनी मला जे सांगितले तेच त्यांच्या मालकांनाही ऐकावे लागले असेल.

ग्राइंडर आठ इंची, इंग्लिश बनावटीचा. खनिज वाहणाऱ्या बोटींच्या, म्हणजे बार्जींच्या, दुरुस्तीचा एक कारखाना बंद पडला तेव्हा वडिलांनी तो मोडीच्या भावाने आणला, आणि तेव्हापासून पाडेल्यांचे (नारळ उतरवणाऱ्यांचे) कोयते, सुतारांच्या पटाश्या, रंध्यांची पाती आणि चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की घरोघरच्या आदोळ्या (विळ्या) यांना धार लावण्यावर आमचे घर चालते. मध्यंतरी मोटर जळाली म्हणून ती वाइंडिंगला दिली. परत आली ती उत्तम चालू होऊन, पण डावीकडचा मूळ नट हरवून. त्याच्या जागी कोणीतरी साधा उजव्या आट्यांचा नट हातोडीच्या जोरावर चढवू पाहिला असावा, कारण शाफ्टचा पहिला आटा चेपलेला होता. भरड चाक नेमके डावीकडेच असल्यामुळे गंजलेली, दाते पडलेली हत्यारे आधी घासून सरळ करण्याचे काम बंद पडले आणि बारीक चाक एकटेच उरले.

म्हापशापासून मडगावपर्यंत हार्डवेअरच्या दुकानांत विचारले. बहुतेकांकडे उलट्या आट्यांचा नट नव्हताच, आणि एका ठिकाणी मिळाला तो १६ मिलिमीटरचा, टर्नबकलसाठी (तार किंवा सळई ताणायच्या जोडणीसाठी) येतो तो. शाफ्टवर तो सुरुवातीला छान धरला आणि दीड फेऱ्यात अडकला. पान्याने जोर लावला की बसेल, असा दुकानातल्या मुलाचा आग्रह होता. दुसऱ्या एकाने नट शाफ्टला वेल्ड करून टाकायला सांगितले. चाक झिजल्यावर ते काढायचे कसे, हा प्रश्न त्याला पडला नव्हता. तिसऱ्याचा सल्ला सर्वांत थोर होता. मोटर सुरू करणाऱ्या, म्हणजे स्टार्टिंग वाइंडिंगच्या दोन तारांची अदलाबदल करून मोटर उलटी फिरवावी, म्हणजे डावीकडे साधा नट चालेल! तो चालला असता हे खरे, पण मग उजवीकडचा सुटू लागला असता आणि ठिणग्या खाली पडण्याऐवजी सरळ तोंडावर आल्या असत्या.

आपल्याकडे आलो तेव्हा मी तो १६चा नट पुढे करून, यालाच थोडे मोठे करून मिळेल का, असे विचारले होते. आपण नट बाजूला ठेवलात आणि आधी शाफ्ट मागितलात. माझे आभार मुख्यतः त्या क्षणापासून सुरू होतात. रॉकेलमध्ये बुडवलेल्या पितळी ब्रशने आपण आटे घासून स्वच्छ केले, चेपलेला पहिला आटा तिकोनी कानशीने हलक्या हाताने मोकळा केला, आणि मग पिच गेजची, म्हणजे आट्यांमधले अंतर ओळखायची, दातेरी पाती एकेक करून आट्यांवर बसवीत शाफ्ट खिडकीच्या उजेडासमोर धरलात. मेट्रिकचे २ मिलिमीटरचे पाते दोन आट्यांपर्यंत बसल्यासारखे वाटले आणि पुढे उचलले गेले. इंचामागे ११ आट्यांचे पाते मात्र असे चपखल बसले की त्याच्याखालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. व्हर्नियरवर व्यास १५.८ मिलिमीटर भरला. "पाच सूत, व्हिटवर्थ," एवढेच आपण म्हणालात.

इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये आट्यांचे जे माप ठरवले, त्यात आट्याचा कोन ५५ अंशांचा असतो आणि पाच सुती, म्हणजे ५/८ इंचाच्या बोल्टला इंचामागे ११ आटे पडतात. इंचामागे ११, म्हणजे एक आटा सुमारे २.३१ मिलिमीटरचा. १६च्या मेट्रिक नटाचा आटा २ मिलिमीटरचा आणि कोन ६० अंशांचा. व्यासात जेमतेम दशांश मिलिमीटरचा फरक असल्यामुळे हा नट फसवतो; हाताला तो योग्य वाटतो आणि प्रत्येक फेऱ्यात तीन दशांश मिलिमीटरने मागे पडत जातो. पान्याने जोर लावला असता तर नटाने शाफ्टचे आटे खाल्ले असते आणि मग नव्या शाफ्टवाचून गत्यंतर उरले नसते.

डावीकडे उलटेच आटे का लागतात, हे आपण मला हाताने चाक फिरवून दाखवलेत. ग्राइंडरचे चाक आपल्या बाजूला वरून खाली येते. त्यामुळे डाव्या टोकाकडून पाहिले तर शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. बटण दाबताच शाफ्ट उसळी घेतो, पण चाक वजनामुळे किंचित मागे रेंगाळते आणि हत्यार टेकवले की आणखी अडते. ही ओढ फ्लँजमधून, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्यांमधून, नटापर्यंत पोहोचते. साधा नट असेल तर तो तिच्यामुळे दर वेळी सुटण्याच्या दिशेला सरकतो. उलट्या आट्यांचा असेल तर तीच ओढ त्याला आवळत नेते. आठ इंची चाक मिनिटाला २८५० फेरे घेते तेव्हा त्याची कड सेकंदाला जवळपास ३० मीटर, म्हणजे तासाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने धावत असते. अशा चाकाचा नट सुटला तर काय होईल, हे आपण सांगितले नाहीत. आपल्या डाव्या भुवईवरच्या व्रणाकडे फक्त बोट दाखवलेत.

पाच सुती उलटा टॅप, म्हणजे नटाच्या आत आटे पाडायचे हत्यार, आपल्याकडे नव्हता. तो नाही म्हणून काम नाकारले असते तरी मी आपल्याला दोष दिला नसता. आपण षट्कोनी सळईचा तुकडा लेथच्या चकमध्ये (फिरत्या पकडीत) धरलात, १३.५ मिलिमीटरचे भोक पाडलेत आणि आटे लेथवरच काढायचे ठरवलेत. आपल्या लेथच्या लीड स्क्रूला, म्हणजे हत्यार सरकवणाऱ्या लांब स्क्रूला, इंचामागे ४ आटे, आणि हवे होते ११. म्हणून ४० दात्यांचे गिअर चालवायला आणि ११० दात्यांचे चालायला लावलेत, दिशा उलटी केलीत, आणि हत्यार भोकाच्या आतल्या टोकापासून बाहेरच्या बाजूला येईल असे कापायला सुरुवात केलीत. दर काप झाल्यावर हाफ नट, म्हणजे हत्याराला लीड स्क्रूशी जोडणारी पकड, न उचलता संपूर्ण मशीन उलटे फिरवून हत्यार मागे नेत होता, म्हणजे आटा चुकण्याची शक्यताच उरली नाही. शेवटी शेवटी तर ग्राइंडरचा सुटा रोटर (मोटरचा शाफ्टसकट फिरणारा भाग) दोन्ही हातांत धरून त्याचे टोक चकमधल्या नटात फिरवून पाहत होता, आणि पुन्हा केसाएवढा काप घेत होता. मी घाई करतो आहे असे आपल्याला वाटले असावे, कारण मध्येच आपण मला चहा आणायला पाठवलेत.

नटाचा दर्शनी भाग आपण त्याच बांधणीत, चकमधून न काढता साफ केलात, जेणेकरून तो आट्यांशी काटकोनात राहील आणि फ्लँजवर सगळीकडून सारखा टेकेल. मग सहाही कोपऱ्यांवर बारीक खाच पाडलीत. उलट्या आट्यांची ही खूण गॅसच्या जोडणीवर मी अनेकदा पाहिली होती, पण तिचा अर्थ मला आपल्यामुळे कळला.

चाक बसवतानाही आपण मला मोकळे सोडले नाहीत. दोन्ही फ्लँज एकाच मापाचे आणि चाकाच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश हवेत, चाक आणि फ्लँज यांच्यामध्ये कागदी वॉशर हवाच, चाक बोटावर अडकवून लाकडी मुठीने ठोकले की ते खणखणीत वाजले पाहिजे, नट चाक घट्ट धरण्यापुरताच आवळायचा, हत्यार टेकवायचा टेका चाकापासून तीन मिलिमीटरच्या आत ठेवायचा, आणि पहिला मिनिटभर बाजूला उभे राहून मशीन रिकामे चालवायचे, हे सारे आपण माझ्याकडून करवून घेतलेत. त्याप्रमाणे केले. चाक सरळ फिरते, थरथर नाही, आणि भरड काम पूर्ववत सुरू झाले आहे.

मजुरी म्हणून आपण जी रक्कम सांगितलीत, तीत सळईचीही किंमत निघाली नसेल. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा बार्जींवर पोट असलेले अनेक टर्नर (लेथवरचे कारागीर) धंदा सोडून गेले किंवा गोव्याबाहेर गेले, हे आपणच बोलता बोलता सांगितलेत. आपली लेथ राहिली म्हणून माझा ग्राइंडर राहिला. तेव्हा पुढच्या कामाची मजुरी मी ठरवीन आणि आपण ती मुकाट्याने घ्यावी, ही विनंती.

पुढचे काम आहेच. उजवीकडचा नट अजून मूळचाच आहे, पण पाना घसरून घसरून त्याचे कोपरे गोल झाले आहेत. तो साध्या आट्यांचा आहे. ११चेच पाते त्यावरही बसते, हे मी उसने गेज आणून पाहून ठेवले आहे. चवथीची गर्दी ओसरली की रोटर घेऊन येतो. तत्पूर्वी काकींनी आदोळी आणि घरातले कोयते पाठवून द्यावेत.

आपला नम्र व ऋणी,
एक धारवाला
डिचोली, गोवा