लेखकांनो, करार वाचून सही करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

23 एप्रिलचे पूर्ण नाव ‘जागतिक ग्रंथ आणि स्वामित्व हक्क दिन’ असे आहे. आपल्याकडे ग्रंथांवर कार्यक्रम होतात, हक्कांवर फारसे कोणी बोलत नाही. पुस्तक आल्यानंतरची वर्षे लेखकाला समाधानाची जाणार की मनस्तापाची, हे बरेचसे त्यावरच ठरते.

मराठीत अजूनही कितीतरी पुस्तके तोंडी शब्दावर निघतात. प्रुफे तपासून होतात, मुखपृष्ठ ठरते, प्रकाशन समारंभ पार पडतो आणि मानधनाचे बोलणे राहून जाते. संबंध चांगले असताना कागद कसा मागायचा, हा संकोच असतो. पण 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर ते लेखीच आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले तर सहीआधीच खोडून घ्यावेत.

‘दहा टक्के मानधन’ एवढेच लिहिणेही पुरेसे नाही. दहा टक्के कशाचे? छापील किंमत 300 रुपये असेल, तर 500 प्रतींचे 15,000 रुपये होतात. तेच ‘निव्वळ रकमेवर’ असेल आणि वितरकाला 40 टक्के सूट दिलेली असेल, तर प्रतीमागे 18 रुपये पडतात आणि हाती 9,000 येतात. एका शब्दापायी सहा हजार गेले!

‘आवृत्ती संपल्यावर हक्क लेखकाकडे परत’ हे जुने कलम आता फारसे कामाचे राहिलेले नाही. डिजिटल छपाईत मागणीप्रमाणे पन्नास-पन्नास प्रती काढता येतात; त्यामुळे आवृत्ती कागदोपत्री कधी संपतच नाही. पुस्तक दुकानात दिसत नाही आणि लेखकाला ते दुसरीकडेही देता येत नाही. हा कोंडमारा आम्हाला सर्वांत क्लेशदायक वाटतो. त्याऐवजी ‘सलग दोन वर्षे ठरावीक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास हक्क परत’ असे आकड्यासह लिहून घ्यावे.

ई-बुक, ऑडिओ, अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क वेगवेगळे नोंदवावेत. मार्चअखेरचा हिशेब जूनपर्यंत मिळावा. त्यात छापलेल्या, विकलेल्या, भेट दिलेल्या, परत आलेल्या आणि शिल्लक प्रती स्वतंत्र दाखवलेल्या असाव्यात. नुसता धनादेश आला तर त्यावरून काहीच ताडून पाहता येत नाही.

लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क वारसांकडे राहतात. मृत्युपत्रात घर आणि दागिने लिहिले जातात, पुस्तकांचा उल्लेख राहून जातो. मग नवी आवृत्ती काढायची तर परवानगी कोणाची घ्यायची, हेच प्रकाशकाला कळत नाही.

साहित्य संस्थांनी सोप्या मराठीत दोन पानांचा नमुना करार तयार करून संकेतस्थळावर ठेवावा, ही कळकळीची विनंती.

– ग्रंथव्यवहारातील काही कार्यकर्ते, पुणे